ठिसूळ म्हणून नाकारलेलं

मॉफवरचा एखादा शोधनिबंध परीक्षणासाठी आला, की तो उघडण्याआधीच माझं मत ठरलेलं असायचं. परीक्षकाने असं वागू नये हे मी विद्यार्थ्यांना कायम सांगत आले, त्यामुळे हे लिहायला जड जातंय. पण झालं ते असंच. शीर्षकात मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजेच मॉफ, हे शब्द दिसले की मी सगळ्यात आधी पाण्यातल्या टिकाऊपणाचा आलेख शोधायचे. तो कच्चा निघाला की मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यात विज्ञान नव्हतं. आपलंच खरं ठरलं, एवढंच त्यात होतं.

या पदार्थांची रचना ऐकायला सोपी आहे. धातूच्या अणूंचे लहान गुच्छ हे सांधे, आणि त्यांना जोडणारे कार्बनी रेणू या दांड्या. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना लिंकर म्हणतो. योग्य धातू आणि योग्य लिंकर द्रावकात गरम केले की ते आपोआप जोडले जातात आणि आतून पोकळ असा स्फटिक तयार होतो. पोकळ्या इतक्या, की अशा पदार्थाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या पुढे सहज जातो. मी टायटॅनियम डायऑक्साइडच्या ज्या पी-२५ नावाच्या पुडीवर काम करत आले, तिचा पन्नासच्या आसपास असतो. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क हे नाव ओमर याघी यांनी १९९५ मध्ये रूढ केलं, आणि १९९९ मध्ये त्यांच्या गटाचं जस्ताचं मॉफ-५ आलं. त्यावर सगळं जग खूश झालं. मी मात्र एकच गोष्ट धरून बसले: मॉफ-५ दमट हवेत ठेवलं की मोडतं. आमच्याकडच्या जुलैत ते बाटलीबाहेर टिकणार नाही आणि हे म्हणे सांडपाणी शुद्ध करणार, असं मी चर्चासत्रांत बोलून दाखवायचे. लोक माना डोलवायचे. पाण्यात टिकणारी मॉफ नंतर आली, ओस्लो विद्यापीठातून २००८ मध्ये झिर्कोनियमचं यूआयओ-६६ आलं, तरी माझं वाक्य बदललं नाही. ते टाळ्यांचं वाक्य झालं होतं.

माझं सगळं काम टायटॅनियम डायऑक्साइडवरचं. पांढरी, स्वस्त, पाण्यात न विरघळणारी पूड, भिंतीच्या रंगात असते तीच. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी दाखवून दिलं, की या पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडला तर पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात. आमच्या पिढीतल्या कित्येकांना त्या एका निबंधाने या वाटेला लावलं. अडचण एवढीच, की टायटॅनियम डायऑक्साइडला चालतो तो फक्त अतिनील प्रकाश, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्याचा वाटा चार-पाच टक्के. उरलेलं ऊन त्याच्यासाठी वाया. ते ऊन कामाला लावायचं, म्हणजे पुडीला दृश्य प्रकाश शोषायला लावायचं, यात मी माझी उमेदीची वर्षं घातली.

मार्ग होता नायट्रोजनचा. २००१ मध्ये जपानमध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या र्‍योजी आसाही आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन घातला तेव्हा त्याला दृश्य प्रकाशही चालू लागला. आम्हीही घातला. युरियासोबत भाजून, अमोनियाच्या प्रवाहात तापवून. पूड पिवळसर व्हायची, कधी चालायची, कधी तीच कृती करूनही चालायची नाही. आणि नायट्रोजन नेमका कुठे बसला आहे, ऑक्सिजनच्या जागी की दोन अणूंमधल्या फटीत, यावर तेव्हाही वाद होता आणि आमच्या नमुन्यांबद्दल तो कधी मिटलाच नाही. डाळीत मीठ आहे हे चवीवरून कळतं, पण कुठल्या घासात किती हे दाखवता येत नाही, तशी आमची स्थिती. निबंधात मात्र आम्ही जागा ठामपणे लिहायचो. प्रत्येक वेळी लिहिताना आत कुठेतरी खुपायचं आणि मी पुढे जायचे.

मॉफवरच्या रागात याचाही भाग होता, हे मला आता दिसतं. तिकडे निधी होता, मुखपृष्ठं होती, तरुण मुलं होती. मी टिकाऊपणाबद्दल बोलत होते, पण मनात असूया होती. तिला मी काटेकोरपणाचे कपडे चढवले होते.

एक विद्यार्थिनी पीएचडीसाठी आली ती मॉफचाच विषय मनात घेऊन. मी तिला नायट्रोजनवर बसवलं. तिने वाद घातला नाही. सांगितलेलं काम नीट केलं, आणि एक दिवस विचारलं, "मॅडम, एमआयएल-१२५ करून बघू का? टायटॅनियमचंच आहे."

एमआयएल-१२५ हे फ्रान्समधल्या व्हर्सायच्या लाव्हाझिए संस्थेतून २००९ मध्ये आलेलं मॉफ. आठ टायटॅनियम अणूंचं एक कडं, आणि अशी कडी एकमेकांना जोडणारे टेरेफ्थॅलिक आम्लाचे लिंकर. टेरेफ्थॅलिक आम्ल म्हणजे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि पॉलिएस्टर ज्यातून होतात तेच. मी म्हणाले, "उरलेल्या वेळात कर." मनात होतं, करू दे, मोडेल तेव्हा कळेल.

तिने आधी साधं एमआयएल-१२५ केलं. पांढरं. मग लिंकरच्या बेंझीन कड्यावर एक अमाइनचा गट असलेलं आम्ल घेऊन तेच पुन्हा केलं. या वेळी पूड चांगली पिवळीधमक निघाली. क्ष-किरणांच्या आलेखात दोन्हींची शिखरं जागच्या जागी. सांगाडा तोच, सांधे तेच, फक्त प्रत्येक दांडीला एकेक नायट्रोजन. चीनमधल्या फुझौ विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये हे प्रसिद्ध केलं होतं, बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा, ३.६ वरून २.६ इलेक्ट्रॉन व्होल्टवर येतो असं त्यात होतं. तो निबंध मी वाचला होता, म्हणजे चाळला होता, आणि बाजूला टाकला होता.

मग ती मला दिव्यापाशी घेऊन गेली. काचेच्या नळीत पिवळी पूड, ॲसिटोनायट्राइल आणि थोडं ट्रायइथॅनॉलअमाइन. आधी नायट्रोजन वायू सोडून आतला ऑक्सिजन घालवलेला, बूच घट्ट. झेनॉन दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरची काच, म्हणजे अतिनीलचा एकही किरण आत जाणार नाही. माझी पूड या काचेमागे अंधारातच बसल्यासारखी असते. दिवा लागला. मी हात मागे बांधून उभी होते, बघायचं म्हणून बघत होते.

पिवळा रंग मळकट होऊ लागला. मग हिरवट झाला. मग स्पष्ट हिरवा.

मला तो रंग ओळखता आला, आणि ओळखला तेव्हा काही क्षण मी बोलूच शकले नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर मिथेनॉलमध्ये, ऑक्सिजन नसताना, अतिनील प्रकाश सोडला की ते निळं पडतं. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन टायटॅनियमवर येऊन थांबतो, टायटॅनियम-चारचं टायटॅनियम-तीन होतं, आणि त्याचा तो निळा. माझ्या कामातला सर्वांत जवळचा रंग तो. तोच निळा इथे पिवळ्यात मिसळून हिरवा दिसत होता. म्हणजे या काचेतून गाळून आलेला दृश्य प्रकाश लिंकरने घेतला होता, त्याचा इलेक्ट्रॉन टायटॅनियमपर्यंत पोचला होता आणि तिथे टिकून राहिला होता. जे माझ्या पुडीकडून कधी धड करून घेता आलं नाही, ते या ठिसूळ म्हटलेल्या स्फटिकात डोळ्यांदेखत चाललं होतं.

तिने दिवा बंद करून बूच काढलं. हवा आत गेली आणि वरच्या थरापासून पिवळा परत येऊ लागला, हळूहळू खाली उतरत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलून नेत होता. मी तिला म्हणाले, "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. पुन्हा हिरवा, पुन्हा पिवळा. मी विचारलं, "नायट्रोजन कुठे आहे?" प्रश्न मूर्खपणाचा होता, उत्तर मला माहीत होतं. ती जरा गोंधळली आणि म्हणाली, "लिंकरवर, मॅडम. प्रत्येक लिंकरवर एक."

प्रत्येक लिंकरवर एक! इतकी वर्षं जो प्रश्न मी निबंधांतून शब्दांच्या आड लपवत आले, त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत होतं आणि दाखवताही येत होतं. मी हे पदार्थ मजबुतीच्या मापाने मोजत बसले होते. त्यांच्या खऱ्या मोलाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. इथे एकच गोष्ट बदलता येते, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून. मग फरक पडला तर तो कशामुळे, हे सांगता येतं. उत्प्रेरक सुधारायचा तर याहून मोठी सोय कोणती?

त्या रात्री मी माझेच जुने निबंध काढले. मॉफवाल्यांवर माझा एक नेहमीचा आक्षेप असे: ट्रायइथॅनॉलअमाइन घालून केलेला प्रयोग हा अर्धाच प्रयोग. पाण्याने जो इलेक्ट्रॉन द्यायचा तो तुम्ही महागड्या रसायनाकडून घेता, ते रसायन जळून जातं आणि तुम्ही स्वच्छ ऊर्जेच्या गोष्टी करता. आक्षेप खरा आहे, आजही. पण माझ्या हायड्रोजनच्या प्रयोगांत मिथेनॉल होतं. मिथेनॉलही तेच काम करतं. दुसरा आक्षेप, मिथिलीन ब्लू रंग उडवून दाखवणं ही उत्प्रेरकाची परीक्षा नव्हे, कारण रंग स्वतःच प्रकाश शोषतो, आणि रंग फिका पडला म्हणजे रेणू नष्ट झाला असं होत नाही. तोही खरा. माझ्या तीन चतुर्थांश आलेखांत मिथिलीन ब्लूच होता. माझ्या पुडीला जे माफ होतं ते यांच्या स्फटिकांना नव्हतं. याला मी वैज्ञानिक संशय म्हणत होते. तो पक्षपात होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं, आणि तिचं पहिलं वर्ष माझ्या हट्टापायी गेलं हेही. तिला अवघडल्यासारखं झालं असावं. ती म्हणाली, "मग आता ट्रायइथॅनॉलअमाइन काढून बघायचं का?" बघितलं. हिरवा जवळपास आलाच नाही. तो निकाल आम्ही प्रबंधात घातला, परिशिष्टात नाही, मुख्य प्रकरणात.

त्यानंतर मी वाचायला लागले, नीट, पहिल्या पानापासून. सगळ्यात जास्त शिकवलं ते डेल्फ्टच्या गटाच्या २०१६ मधल्या कामाने. त्यांनी टायटॅनियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांची मॉफ शेजारी ठेवून तपासली. प्रकाश तिन्हींत लिंकरच घेतो, पण इलेक्ट्रॉन धातूपर्यंत जातो तो टायटॅनियमच्याच बाबतीत, कारण लिंकरच्या ऊर्जापातळीला जुळणाऱ्या रिकाम्या पातळ्या त्याच्याकडे असतात. झिर्कोनियमच्या फार वर असतात. म्हणून मजबूत यूआयओ-६६ प्रकाशात मागे पडतं, आणि तुलनेने नाजूक एमआयएल-१२५ काम करतं. मजबुती आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत, आणि दोन्ही कारणं अणूंपर्यंत जाऊन सांगता येतात. माझ्या टाळ्यांच्या वाक्याला इथे जागा उरली नाही.

मग २०२० मध्ये वुहान विद्यापीठातल्या हेशियांग डेंग यांच्या गटाचा निबंध नेचरमध्ये आला. एमआयएल-१०१ या क्रोमियमच्या मॉफला सुमारे तीन नॅनोमीटरच्या दोन आकारांच्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइड वाढवलं होतं. माझंच टायटॅनियम डायऑक्साइड! हेतू प्रकाशाने कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर करण्याचा. तो तिथे पोचतो, शेजारच्या धातूकडे आणि पुडीकडे कामं वाटली जातात, आणि इलेक्ट्रॉन परत मागे फिरून वाया जाण्याआधी वापरला जातो. इलेक्ट्रॉन येतो तो पाण्याकडून. ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचं प्रमाण, ११.३ टक्के. ३५० नॅनोमीटर म्हणजे अतिनीलच, हे मी विसरत नाही. पण ज्या दोन पदार्थांना मी आयुष्यभर एकमेकांसमोर उभं केलं ते इथे एकमेकांच्या आत होते. पुढच्याच वर्षी नेचर केमिस्ट्रीमध्ये चेंग वांग आणि वेनबिन लिन यांच्या गटांनी लायपोसोमच्या, म्हणजे स्निग्ध पटलाच्या सूक्ष्म पिशवीत दोन वेगवेगळी मॉफ बसवली: एक हायड्रोजन काढणारं, एक पाण्यातून ऑक्सिजन काढणारं. पाण्याचं पूर्ण विघटन, मधे जळणारं रसायन नाही.

हुरळून जाऊ नये इतकं भान मला आहे. आकाराने मोठं झालेलं काम अजून ऑक्साइडांचंच आहे. काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२१ मध्ये जपानात शंभर चौरस मीटरच्या पत्र्यांवर स्ट्राँशियम टायटॅनेट वापरून उन्हात हायड्रोजन काढून दाखवला, आणि तिथेही सूर्याच्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त ०.७६ टक्के. मॉफचं असं उघड्यावरचं मैदान मी अजून पाहिलेलं नाही. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना मिळालं तेव्हा अनेकांनी मला फोन करून विचारलं, आता तरी पटलं ना? पटलं होतं ते आधीच, त्या नळीपाशी. पारितोषिकाने पटणं हे न पटण्याइतकंच वाईट. रॉबसन यांची गोष्ट मात्र मनात राहिली. १९७४ मध्ये मेलबर्नला विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांचे नमुने करवून घेताना त्यांच्या लक्षात आलं, की गोळ्यांना भोकं कुठे पाडली यातच पुढच्या सगळ्या रचनेची माहिती आहे. आपण रेणूंच्या बाबतीत हेच करू शकतो, हा विचार तेव्हाचा, आणि तो प्रयोगात उतरला १९८९ मध्ये. मधली वर्षं तो मनात जपून ठेवणं मला जमलं नसतं.

आता मी मॉफवरही काम करते. पहिली गोष्ट केली ती इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमधून रंगाच्या हौदाचं पाणी आणण्याची. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू घालून मला आता काही सिद्ध करायचं नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल इतकी वर्षं ऐकतोय, तर त्या पाण्यात काय होतं ते बघावं. रिॲक्टिव्ह रंगाच्या पाण्यात मीठ भरपूर असतं आणि रंग कापडावर बसवायला सोडा ॲश घातलेला, त्यामुळे पीएच दहाच्या पुढे. आमची पिवळी पूड त्यात टिकली नाही. लिंकर सुटून पाण्यात आला, क्ष-किरणांची शिखरं सपाट झाली.

पूर्वीची मी इथे थांबले असते, समाधानाने. आता प्रश्न असा पडतो: कोणता बंध तुटला? तुटला तो धातू आणि कार्बोक्झिलेट, म्हणजे लिंकरचं आम्लाचं टोक, यांच्यामधला, हायड्रॉक्साइडने. मग कार्बोक्झिलेटच्या जागी पायरझोलेट घेतलं तर? पीसीएन-६०१ हे निकेल आणि पॉर्फिरिन-पायरझोलेटचं मॉफ संपृक्त कॉस्टिक सोड्यातही टिकतं, आणि पॉर्फिरिन असल्यामुळे दृश्य प्रकाशही घेतं. फक्त तो लिंकर बनवायला इतक्या पायऱ्या लागतात, की इचलकरंजीच्या प्रोसेसरला त्याचा दर सांगायची माझी हिंमत होणार नाही. शिवाय आमची बरीचशी मॉफ अजून डीएमएफमध्ये होतात. विषारी द्रावकातून काढलेल्या पदार्थाने पाणी स्वच्छ करायचं, हे मला मान्य नाही. पाण्यात होणाऱ्या कृती आहेत, त्यांच्यामागे लागायला हवं.

आणि कदाचित जागाच चुकते आहे. सांडपाणी आधी आम्ल घालून उदासीन करतात, मग जिवाणूंच्या टाकीत जातं. त्या टाकीनंतर जे उरतं ते काम मॉफचं असावं असं मला वाटतं: पाण्यात अगदी थोडं असलेलं, जिवाणूंना न पचलेलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडल्यानंतर तपासलं गेलं, तेव्हा एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक निघालं. असा रेणू गर्दीतून वेचून पोकळीत ओढणं आणि तिथेच प्रकाशाने मोडणं, हे माझ्या पांढऱ्या पुडीला साधत नाही. ती समोर येईल ते जाळते. मॉफच्या पोकळीचं तोंड आणि आतला रासायनिक स्वभाव ठरवता येतो.

सध्या टाकीनंतरचं पाणी आणून त्यात एमआयएल-१२५ आणि यूआयओ-६६ या दोन्हींची अमाइन असलेली रूपं कापडावर बसवून ठेवली आहेत, गच्चीवर, उन्हात. दर आठवड्याला पाण्यातला टायटॅनियम, झिर्कोनियम आणि सुटलेला लिंकर मोजतो. शेजारी पी-२५ चं कापड आहे आणि काहीच न लावलेलं एक कोरं कापडही. टायटॅनियमवालं झिजतंय, झिर्कोनियमवालं टिकून आहे पण न पचलेले रेणू कमी मोडतंय. झिर्कोनियमच्या सांध्यांत थोडा टायटॅनियम घालून पाहायचं आहे. तो नेमका सांध्यातच बसला की बाहेर वेगळी पूड होऊन पडला, हे दाखवता आल्याशिवाय या वेळी मी एक ओळही लिहिणार नाही.